५१८ रुपये वाचवायला गेलो आणि पिकअपला डुप्लिकेट ब्रेक पॅड बसवून घेतले

मी अकरा वर्षे पिकअप चालवतो. गिरणारे परिसरातील शेतकऱ्यांचा टोमॅटो वाशीच्या बाजारात पोहोचवणे हा माझा धंदा असून कसारा घाट मी किती वेळा उतरलो असेन याची मोजदाद नाही. हे आधीच सांगतो, कारण हा प्रसंग ऐकल्यावर "तुला एवढेही कळले नाही का?" असे मला निदान दहा जणांनी विचारले आहे. कळायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण ज्या मिस्त्रीच्या हातात आपण अकरा वर्षे गाडी निर्धास्तपणे सोपवली, त्याने आणलेल्या खोक्याकडे संशयाने बघायचे असते, हे कोण कोणाला शिकवतो?

१७ ऑगस्ट २०२४ रोजी पुढच्या चाकांमधून किरकिर येऊ लागली म्हणून गाडी गॅरेजला नेली. पॅडचा, म्हणजे चाकाच्या डिस्कला (लोखंडी चकतीला) दाबून गाडी थांबवणाऱ्या तुकड्यांचा, घासणारा थर तीन मिलिमीटरच्या खाली आला होता, म्हणजे बदलणे भागच होते. इथपर्यंत मिस्त्रीने सांगितलेले सगळे खरे होते. मग त्याने ओळखीच्या दुकानातून चार पॅडचा संच मागवला. पाठोपाठ दुकानदाराचा मला फोन आला. "शेठ, सिरॅमिक आहे, डिस्क खात नाही, आवाज नाही. बिलाशिवाय १८५०, पक्के बिल पाहिजे असेल तर २८ टक्के जीएसटी धरून २३६८," असे तो म्हणाला. तेव्हा सुट्या भागांवर जीएसटी खरोखरच २८ टक्के होता, त्यामुळे त्याचा हिशेब मला चोख वाटला. मी बिलाशिवाय माल घेतला आणि त्याने दिलेल्या मोबाइल नंबरवर १८५० रुपये यूपीआयने पाठवले. तो नंबर त्याच्या पुतण्याचा होता, हे पुढे कळले. डिस्क लेथवर साफ करण्याचे ७०० आणि मजुरी ४५० धरून त्या दिवशी ३००० रुपये गेले.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना आजही कान तापतात. खोके माझ्या हातात होते. त्यावर छापील किंमत २३९० रुपये आणि खाली "सर्व करांसह" असे स्पष्ट लिहिलेले होते. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, त्यावर किंवा तिच्या आत वेगळा २८ टक्क्यांचा खेळ करायचे कारणच नसते. बिस्किटाचा पुडा घेताना मला हे कळते, ब्रेक घेताना कळले नाही. खोक्याचे झाकण स्टेपलरच्या पिनेने बंद केले होते. आत पॅडसोबत येणाऱ्या क्लिपा नव्हत्या. "कंपनी आता वेगळ्या देते," असे मिस्त्री म्हणाला आणि त्याने जुन्याच क्लिपा घासून बसवल्या. त्याहून वाईट म्हणजे एका पॅडच्या लोखंडी पाटीच्या कडेला मला खड्डा दिसला, मी त्यावर नख फिरवले, काळा रंग टिकलीएवढा उचलला गेला आणि खाली तांबूस गंज दिसला. नव्याकोऱ्या खोक्यातल्या पाटीवर रंगाखाली गंज कसा, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. त्याच वेळी गिरणाऱ्याहून फोन आला की माल भरून तयार आहे, गाडी कुठे आहे. मी बोलत बोलत बाहेर आलो, परत येईपर्यंत चाक चढलेले होते. ते चाक परत उतरवायला सांगायला मला दहा मिनिटे लागली असती.

२७ ऑगस्टच्या रात्री ६४ क्रेट, म्हणजे जवळपास तेराशे किलो टोमॅटो घेऊन निघालो. इगतपुरी सोडून घाट उतरू लागल्यावर दुसऱ्याच वळणानंतर जळका वास आला. पेडल मऊ पडले असते तर तेल तापले असे मी समजलो असतो, पण पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी मात्र धरत नव्हती. पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. मी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरला आणले आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिलो. मागे ड्रम ब्रेक असल्याने तेवढा आधार मिळाला आणि डोंगराच्या बाजूला पडलेल्या खडीच्या ढिगात गाडी घातली. कोणाला काही झाले नाही, क्रेटसुद्धा पडले नाहीत. मी खाली उतरून बराच वेळ नुसता ढिगावर बसून होतो.

घोटीच्या मिस्त्रीने चाक उतरवले तेव्हा आतल्या पॅडचा थर पाटीपासून पापुद्र्यासारखा सुटून गेलेला होता आणि उघडी पाटी डिस्कमध्ये रुतली होती. त्याने उरलेल्या तीन पाट्यांचा रंग खरवडला. दोन पाट्यांवर दुसऱ्याच गाडीच्या पॅडचा जुना नंबर छिन्नीने अर्धवट मारलेला निघाला. म्हणजे भंगारातल्या पाट्या, त्यावर कसला तरी थर चिकटवलेला, वर काळा रंग आणि छापून घेतलेले खोके. थराच्या चुऱ्याला चुंबक लावला तर तो भराभर चिकटला, म्हणजे त्यात लोखंड होते. "सिरॅमिक म्हणे!" एवढेच तो म्हणाला. त्याच्याकडून हेही कळले की घाटात भरलेली गाडी उतरवणाऱ्याने सिरॅमिकच्या मागे लागूच नये, उष्णता सोसणारे सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचा चुरा मिसळलेले पॅड थोडा आवाज करतात पण धरतात.

हिशेब असा झाला. टोइंग ४२००, दोन नवीन डिस्क ५४००, ओरिजनल पॅड २४५०, कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) सील आणि ब्रेक ऑइल ११५०, मजुरी १३००. माल एक दिवस उशिरा पोहोचला, क्रेटमागे २१० रुपये भाव कमी मिळाला, ते १३,४४० रुपये शेतकऱ्यांना मीच भरून दिले. आधीचे ३००० धरून एकूण ३०,९४० रुपये. विमा कंपनीने सांगितले की धडक झालेली नाही, यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. म्हणजे मी गाडी दरीत घातली असती तर कदाचित माझा विचार झाला असता!

दुकानदाराने सरळ हात वर केले. "बिल दाखवा." यूपीआयची नोंद दाखवली तर म्हणाला, ते पैसे पुतण्याच्या उसनवारीचे असतील. आमच्या मिस्त्रीला या व्यवहारात ३०० रुपये मिळाले होते, हे त्याने स्वतःच खाली मान घालून कबूल केले. त्यामुळे दुकान मिस्त्रीला निवडू देऊ नका, मजुरी त्याला हवी तर शंभर रुपये जास्त द्या.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले की हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्यांदा सांगितले की साहेब बंदोबस्ताला गेले आहेत. तिसऱ्या वेळी एका अंमलदाराने मला कायदा शिकवला, की बनावट ट्रेडमार्कच्या मालावर छापा घालायचा तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे मत घ्यावे लागते, शिवाय तक्रार कंपनीने द्यायला हवी. अधिकाऱ्याचा दर्जा आणि रजिस्ट्रारचे मत या गोष्टी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहेत, तक्रार कंपनीनेच द्यावी असे मात्र तिथे नाही, हे मी नंतर वाचले. पण मी ट्रेडमार्कची तक्रार द्यायला गेलोच नव्हतो, मला फसवले म्हणून सांगायला गेलो होतो आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. हे बोलून दाखवल्यावर मला बाहेरच्या बाकावर बसवले आणि दीड तासाने अर्जावर आवक शिक्का मारून दिला. ज्या कंपनीचे खोके होते तिला मेल पाठवला, तर अधिकृत विक्रेत्याचे बिल जोडा, असे उत्तर आले. बिल असते तर मी डुप्लिकेट कशाला घेतला असता? परिवहन कार्यालयात सांगितले की ते गाडीची फिटनेस बघतात, दुकानांची नाही. सरकारी हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि समोरच्याने उत्तर दिले नाही म्हणून तक्रार बंद केली. चोराने उत्तर दिले नाही म्हणून चोरीची तक्रार बंद!

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. दुकानदाराचा वकील म्हणतो की गाडी व्यावसायिक वापराची आहे, त्यामुळे मी ग्राहकच नाही. हे ऐकून घाबरू नका, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यातल्या व्यावसायिक हेतूत मोडत नाही. फक्त जुने पॅड आणि खोके फेकू नका. माझी केस त्या चार पाट्यांवर आणि त्या स्टेपल केलेल्या खोक्यावरच उभी आहे.

गेल्या महिन्यात नोटिशीची प्रत द्यायला त्या दुकानात गेलो होतो. काउंटरवर तसेच खोके होते, पिनही त्याच जागी. एक पिकअपवाला पैसे काढत होता. मी त्याला पाटीच्या कडेवर नख फिरवून बघायला सांगितले. दुकानदाराने खोके झटक्यात ओढून घेतले, आतून दुसरे आणले आणि काही न बोलता त्याचे पक्के बिल फाडले. त्या पिकअपवाल्याला विचारून मी त्या बिलाचा फोटो काढला आणि अर्जाला जोडला आहे.