डाळिंबाची नवीन रोपं: छाट कलम करावं, गुटी बांधावी की टिश्यू आणावं?

नवीन डाळिंब लावायचं ठरलं की व्हरायटीचा प्रश्न बहुतेकांचा पाच मिनिटांत सुटतो, भगवाच लावायचा असतो. खरा घोळ होतो तो रोपं कुठली घ्यायची यावर. ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो, कोणी म्हणतं गुटीशिवाय (फांदी झाडावरच असताना तिला मुळ्या फोडून मग कापायची) डाळिंब नाहीच, कोणी म्हणतं आता टिश्यूशिवाय (लॅबमध्ये वाढवलेलं रोप) पर्याय नाही, आणि छाट कलमाचं (फांदीची काडी कापून लावायची) नाव काढलं की "ते कुंडीत लावायला ठीक आहे" असं ऐकायला मिळतं. मला हे शेवटचं वाक्य अजिबात पटत नाही. ज्याच्या स्वतःच्या किंवा ओळखीतल्या बागेत निरोगी, चांगलं फळ देणारं झाड आहे, त्याने आधी छाटाचाच विचार करावा असं माझं ठाम मत आहे, आणि ते का ते तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवूनच सांगतो.

बियांचा पर्याय सुरुवातीलाच बाजूला काढू. बी लावलं तर रोप सहज येतं पण त्याला आईसारखंच फळ लागेल याची काहीही खात्री नसते, दाण्याचा रंग, बीचा मऊपणा, साल, सगळंच बदलू शकतं. नवीन वाण शोधणाऱ्यांना मात्र हेच हवं असतं. आपला गणेश वाण फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी वाणातल्या रोपांमधूनच निवडला, आणि पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेशचा गुल-ए-शाह रेडशी संकर करून मृदुला आणि भगवा आले. पण तो कामधंदा संशोधकांचा. आपल्याला एकसारखी बाग हवी असते, म्हणजे झाडाच्या फांदीपासूनच रोप करायचं, मग ती गुटी असो नाहीतर छाट.

गुटी आपल्याकडे इतकी का चालली याला कारण आहे. फांदी झाडावरच असते, तिला झाडाचं पाणी मिळत राहतं, त्यामुळे मुळ्या फुटेपर्यंत ती वाळत नाही आणि नवख्या माणसाने बांधलेल्या गुट्याही बऱ्यापैकी धरतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्यायची, साधारण अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढायची, आणि इथेच एक बारकी गोष्ट आहे, साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो तो चाकूच्या पाठीने खरवडून काढावाच लागतो, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि दोन महिन्यांनी प्लास्टिक सोडलं की आत मुळ्यांऐवजी भरलेली जखम दिसते. मग वरच्या कडेला रूटिंग हार्मोन, भिजवून पिळलेलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसायला लागतात. पांढऱ्या असताना कापायची घाई करू नये, थोड्या तपकिरी झाल्या की कापायची, कारण कोवळ्या मुळ्या पिशवी भरताना तुटतात.

आता या पद्धतीतली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती सांगतो. गुटी पावसाळ्यात बांधतात, जून ते ऑगस्ट, कारण हवा दमट असल्यावर मुळ्या चांगल्या फुटतात. आणि नेमका तोच काळ तेल्याचा, म्हणजे पानं-फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या बॅक्टेरियाच्या रोगाचा आहे. दमट हवा, ढगाळ दिवस, पावसाचे शिंतोडे, याच्यावरच तो बॅक्टेरिया एका फांदीवरून दुसरीवर जातो. म्हणजे आपण मजुरांना चाकू देऊन भर पावसात झाडाझाडाला शेकड्याने ताज्या जखमा करायला पाठवतो, आणि त्या फांद्या नंतर रोपं म्हणून तालुकाभर जातात. बरं कित्येक ठिकाणी ही झाडं खास मदर प्लांट (रोपं करण्यासाठीचं मूळ झाड) म्हणून राखलेली नसतात, एखादी चालू बाग गुट्या बांधायला दिलेली असते, तिथे तेल्या होता का, मर (झाड वाळवून मारणारा बुरशीचा रोग) होती का, हे रोप विकत घेणाऱ्याला कोण सांगणार. गुटीची पद्धत वाईट नाही, ती चांगलीच आहे, पण ती ज्या सीझनमध्ये आणि ज्या झाडांवर केली जाते त्याने ती धोक्याची होते. निरोगी मदर बाग असेल आणि चाकू दर झाडाला निर्जंतुक केला जात असेल तर मी गुटीला नाव ठेवणार नाही.

छाट कलमाचं गणित बरोबर उलटं आहे. पक्क्या लाकडाचे छाट डिसेंबर-जानेवारीत घेतात, झाड विश्रांतीत असताना, हवा कोरडी असताना. तेल्याचा जोर तेव्हा उतरलेला असतो. फांदीवर रोग असलाच तर तो पेरांवर काळपट डागाच्या, चिरेच्या रूपात दिसतो, म्हणजे डोळ्याने बघून अशी काडी आणि ते झाडच सोडून देता येतं. (डाग दिसला नाही म्हणजे झाड शंभर टक्के स्वच्छ असं नाही, म्हणून पावसाळ्यातच झाड हेरून ठेवायचं, जे तेव्हा तेल्यापासून वाचलं त्याच्याच काड्या हिवाळ्यात घ्यायच्या.) शिवाय छाटणीत फांद्या तशाही निघतात, त्या बांधावर फेकण्यापेक्षा त्यातल्या निवडून घेतल्या की साहित्य फुकट. गुटीला जेवढी फांदी लागते तेवढ्यात दोन काड्या सहज बसतात. आणि कॅलिफोर्नियात किंवा स्पेनमध्ये डाळिंबाच्या व्यापारी बागा मुख्यतः पक्क्या छाटांवरच उभ्या आहेत, तेव्हा "छाटाचं झाड टिकत नाही" हा समज कुठून आला मला खरंच कळत नाही.

पण छाटाला काळजी जास्त लागते हे मान्य करायलाच पाहिजे, कारण काडी झाडापासून तुटलेली असते. मागच्या वर्षीची, पेन्सिल जाडीची, सरळ काडी घ्यायची, साधारण २० ते २५ सेंटीमीटर, त्यावर चार-पाच पेरं तरी हवीत. बुडातून निघणारे लुसलुशीत फुटवे आणि उभे सोटे घेऊ नयेत, त्यांच्यात साठा कमी असतो आणि ते कुजतात. खालचा काप पेराच्या लगेच खाली, वरचा काप पेराच्या थोडा वर आणि तिरपा, म्हणजे वर-खाली कुठलं ते विसरायला होत नाही, कारण उलटी लावलेली काडी येत नाही. कात्री दर झाडानंतर अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची. पानं सगळी काढायची, काटे छाटायचे. काड्या तोडल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, उन्हात पडू द्यायच्या नाहीत आणि शक्यतो त्याच दिवशी लावायच्या.

हार्मोन म्हणजे आयबीए, पक्क्या छाटाला २००० ते ३००० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान वापरतात. ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं, म्हणजे २५० मिलिग्रॅम आयबीए आणि सगळं मिळून १०० मिली द्रावण झालं की ते २५०० पीपीएम. काडीचं बूड त्यात काही सेकंद बुडवायचं आणि निथळून लावायचं, तासभर भिजत ठेवायचं नाही. घरी दोन-चार काड्या करणाऱ्याने बाजारातली रूटिंग पावडर लावली तरी चालतं, काही काड्या तर हार्मोनशिवायही फुटतात, पण शंभरावर करायच्या असतील तर आयबीए सोडू नये.

लावायचं कोकोपीटमध्ये किंवा कोकोपीट आणि धुतलेल्या वाळूत, शेतातल्या मातीत नाही. या एका गोष्टीसाठी मी छाटाच्या बाजूला झुकतो. सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे बारीक जंत) आणि मर रोगाची बुरशी दोन्ही माती-मुळांतून प्रवास करतात, आणि काडी घेताना तिला ना मूळ असतं ना माती, म्हणजे स्वच्छ झाडाची काडी स्वच्छ माध्यमात वाढवली तर हे दोन्ही दुष्मन दाराबाहेर ठेवता येतात. गुटीची मुळ्यांची गड्डीही मातीबाहेरच तयार होते, तिथेही हे शक्य आहे, पण नंतर ती पिशवी भरायला कोणती माती वापरली त्यावर सगळं अवलंबून. जुन्या डाळिंबाच्या रानातली माती पिशवीत भरली तर पद्धत कुठलीही असो, रोप गाठी घेऊनच तुमच्या शेतात येणार.

काडीचा दोन तृतीयांश भाग माध्यमात, वर दोन डोळे. शेडनेटमध्ये ठेवायचं, ओल हवी पण चिखल नको. मग दोन-तीन आठवड्यांत वर लालसर कोवळी पानं फुटतात आणि सगळ्यांना वाटतं लागली काडी. थांबा. ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली अजून नुसता पांढरा गोळा असतो, मुळी नसते. याच वेळी लोक उपटून बघतात, नाहीतर खूश होऊन उन्हात ठेवतात, आणि आठवडाभरात पानं माना टाकतात. सहा ते आठ आठवडे काडीला हात लावू नये, त्यानंतर हलकेच ओढल्यावर काडीने धरून ठेवलं तर मुळ्या आल्या. शंभरातल्या साठ-सत्तर मिळाल्या तरी समाधान मानावं, म्हणून लागतात त्यापेक्षा दीडपट काड्या लावाव्यात. पिशवीत आणखी दोन-तीन महिने वाढवली की जून-जुलैला लागणीला रोप तयार.

टिश्यू कल्चरवर मी कमी लिहितोय कारण ते आपण घरी करत नाही, विकतच घ्यायचं असतं. जळगावच्या जैन इरिगेशनने डाळिंबाची टिश्यू रोपं मोठ्या प्रमाणावर केली आणि आता इतरही लॅब आहेत. फायदा मोठा आहे, मदर प्लांट तपासून घेतलेलं असेल तर रोप रोगमुक्त निघतं, सगळी रोपं एकसारखी, एकदम हजारो मिळतात. किंमत गुटीपेक्षा बरीच जास्त आणि बुकिंग आधी करावं लागतं. एक गैरसमज मात्र फार पसरलाय की टिश्यूला तेल्या येत नाही. असं काही नाही. टिश्यूचा भगवा हा भगवाच आहे, त्याची रोगाशी लढायची ताकद गुटीच्या भगव्याएवढीच. तो स्वच्छ सुरुवात करतो एवढंच, पुढे शेजारच्या बागेतून वाऱ्या-पावसाबरोबर तेल्या आला की त्यालाही होतो. आणि लॅबमधून आल्यावर ते दुय्यम हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय लावताना) कुठल्या मातीत होतं हेही विचारायलाच हवं.

फळ कशाला लवकर लागतं हा प्रश्न सगळे विचारतात. गुटी आणि छाट दोन्ही पक्क्या झाडाच्या फांद्या, त्यामुळे फुलं दोन्हीला लवकर दिसतात, पण पहिला बहार (फळांचा हंगाम) दोन वर्षांच्या आत धरायचाच नसेल तर लवकर फुलण्याला अर्थ राहत नाही. सोटमूळही तिन्हींपैकी कशालाच नसतं, ते फक्त बियांच्या रोपाला, तेव्हा "गुटीचं मूळ खोल जातं" यावर पैसे मोजू नयेत.

मग कोणी काय करावं. अंगणात, गच्चीवर किंवा बांधाला चार-दहा झाडं हवी असतील तर दुसरा विचारच नको, छाट करा. जुन्या बागेत मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरायच्या असतील तरीही स्वतःच्याच बागेतल्या सगळ्यात निरोगी झाडाचे छाट, पण झाड मर रोगाने गेलं असेल तर त्या खड्ड्यात आधी उपचार केल्याशिवाय कुठलंच रोप लावू नका. एकर-दोन एकर नवीन लागण असेल, म्हणजे १५ बाय १० फुटांवर एकरी साधारण २९० रोपं, आणि हाताशी निरोगी बाग व सहा महिने वेळ असेल, तर छाट स्वतः करून बराच पैसा वाचतो. वेळ नसेल, पाच-दहा एकर एकदम करायचं असेल, किंवा भागात एकही बाग विश्वासाची नसेल तर टिश्यू घ्या, तिथे कंजूषी नको, कारण झाड पुढची दहा-बारा वर्षं रानात राहणार आहे. गुटी घ्यायचीच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस चालू असताना, मदर बाग स्वतः जाऊन बघा, पानं-फळांवर तेलकट डाग शोधा, आणि नर्सरीत कुठल्याही तीन-चार रोपांची पिशवी फाडून मुळ्या पाण्यात धुऊन दाखवा म्हणा. मुळांवर गाठी दिसल्या किंवा नर्सरीवाला पिशवी फाडायला तयारच झाला नाही तर रोपं न घेता परत या. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि राहुरीचं विद्यापीठ, दोन्हीकडे रोपांची चौकशी करता येते, फक्त लागणीच्या आदल्या महिन्यात नाही, आदल्या वर्षी करा.