ओपन जी आणि 100 हर्ट्झचं हमिंग: बास कॉम्बो आणि फ्लॅटवाऊंड तारा, दोन पावसाळ्यांनंतर

आधी निकाल सांगतो. बास गिटारचा अँप ठेवलाय, विकणार नाही. तारा पुन्हा त्याच घेणार. मधल्या काळात मात्र हाच अँप ओएलएक्सवर टाकायला फोटो काढून ठेवले होते. का काढले आणि का टाकले नाहीत, तेवढ्यासाठीच हे लांबलचक लिहितोय.

सामान साधंच आहे: पी टाईपचा (फेंडर प्रिसिजनच्या धर्तीचा) चार तारांचा बास, 34 इंची स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 100 वॅटचा बारा इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. अँपच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढची भांडणं सर्व्हिस सेंटरशी झाली आणि ती कुठल्याही कंपनीच्या अँपबाबत होऊ शकतात. आमचा ऑर्केस्ट्रा भक्तिगीतं, भावगीतं आणि लग्नाचे कार्यक्रम करतो. बेळगाव शहर, खानापूर तालुका, निपाणी, आणि हद्द ओलांडून चंदगडपर्यंत. सोबत ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. म्हणजे बासला जागा कमी आणि मांडवात गोंगाट फार.

वॅटबद्दल एकदाच सांगतो. 50 वरून 100 वॅटवर गेलं की आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. शिवाय खालचे सूर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात. लो ई 41 हर्ट्झ. बारा इंची कॉम्बो तो मूळ सूर पूर्ण ताकदीनं देत नाही, आपण बराचसा त्याच्या वरचा 82 चा पडसाद ऐकतो आणि मेंदू खालचा भरून काढतो. म्हणून 200 वॅटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा मी 100 वर थांबलो आणि उरलेल्या पैशांत तारा आणि डीआय बॉक्स (बासचा आवाज मिक्सरला द्यायची डबी) घेतला. हा हिशोब मला आजही पटतो.

आता तारा. डी'अडारिओ क्रोम्स, म्हणजे फ्लॅटवाऊंड, चपट्या वेढ्याच्या, जाडी 45 ते 100. आधी त्याच कंपनीच्या निकेल राऊंडवाऊंड (गोल वेढ्याच्या) होत्या, त्याच मापाच्या. फ्लॅटची किंमत जवळपास दुप्पट, त्यामुळे मागवताना हात आखडला होता. पण राऊंडवाऊंडचं आमच्याकडच्या पावसाळ्यात काय होतं ते खानापूरकडच्या माणसाला सांगायला नको. जूनमध्ये नवीन सेट चढवावा आणि गणपतीपर्यंत तारेच्या वेढ्यांत घाम, ओल आणि मळ बसून आवाज मेलेला असावा. उकळत्या पाण्यात टाकून मळ निघतो, आवाज थोडे दिवस परत येतो, पण तार काढायची, उकळायची, वाळवायची, पुन्हा चढवायची, आणि दर वेळी तिचं आयुष्य थोडं कमी होतं. फ्लॅटवर वेढा चपट्या पट्टीचा असतो, मळ बसायला खाचच नाही. कार्यक्रमानंतर कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, बस.

पहिले काही आठवडे मात्र मी नाराज होतो. घरी एकट्यानं वाजवताना आवाज बोथट वाटायचा, पहिल्या दोन तारांवर तर चकाकीच नाही. तेव्हा लिहिलं असतं तर "पैसे वाया" असं लिहिलं असतं. मत बदललं ते ढोलकीबरोबर वाजवताना. ढोलकीची चाट आणि कीबोर्डचा डावा हात यांच्यामध्ये राऊंडवाऊंडची किणकिण नेहमी कुणाच्या तरी अंगावर जायची. फ्लॅटचा सूर खाली शांत बसतो आणि तरी प्रत्येक ठोका कळतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन आयुष्यभर फ्लॅट तारांवर वाजवत राहिला आणि त्या बदलायलाही तयार नसायचा, हे वाचून माहीत होतं. कारण मात्र आमच्या ढोलकीवाल्यानं समजावलं. तो म्हणाला, "आता तू मला ऐकू येतोस, आधी तुझ्या तारा ऐकू यायच्या."

सेटअप नव्यानं करावा लागला. पाकिटावर माप तेच असलं तरी माझ्या हाताला फ्लॅट जास्त ताठ लागल्या आणि बासची मान पुढे झुकली. उद्यमबागेत टर्नर असलेल्या आतेभावाकडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणला. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहायचं. मी 0.30 मिलिमीटरची पात जेमतेम सरकेल इतकी ठेवतो. ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग रात्रभर तसाच सोडायचा, कारण लाकूड सावकाश हलतं. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा आला तर पुढे. हे सगळं जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा तपासतो. दुकानात दर वेळी पैसे देण्याची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट.

दिवाळीच्या सुमारास अँपमधून हमिंग सुरू झालं. मांडवात हमिंग नवीन नाही, कुणी लक्ष देत नाही. पण हे घरीही येत होतं, आणि केबल काढली, सगळी बटणं शून्यावर नेली, तरी तेवढंच राहायचं. ही परीक्षा प्रत्येकानं करावी. केबल काढल्यावर हमिंग गेलं तर दोष बासमध्ये किंवा केबलमध्ये. मिक्सरला जोडल्यावरच येत असेल तर ग्राऊंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगचं केबलमधून झालेलं कडं. काहीही न जोडता, आवाज शून्यावर असूनही येत असेल तर दोष अँपच्या पॉवर सप्लायमध्ये, तिथे तुम्ही केबल कितीही महागडी घ्या.

वॉरंटी चालू होती. डीलरनं सेंटरला पाठवायला सांगितलं, जाण्याचं भाडं माझ्याकडून. सेंटरनं तपासून कळवलं, "थोडं हमिंग नॉर्मल आहे." अँप तसाच परत. पुन्हा तक्रार केली तर उत्तर आलं की स्पीकर बदलून बघू, स्पीकर वॉरंटीत बसणार नाही. माझं डोकं फिरलं. ओएलएक्सचे फोटो तेव्हाचे.

मग एका संध्याकाळी त्याच हमिंगवर ओपन जी, म्हणजे फ्रेट न दाबता मोकळी जी तार, वाजवली आणि सूर हलताना ऐकू आला. एका सेकंदात दोनदा फुगून ओसरत होता. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की जी लाट ऐकू येते, तीच ही लाट. मिरजेच्या तंबोऱ्यावर ज्यांचा कान तयार झालाय त्यांना लगेच कळेल. ओपन जी म्हणजे 98 हर्ट्झ. फरक दोनचा, म्हणजे हमिंग 100 चं. आपली लाईट 50 हर्ट्झची. अँपमधला ब्रिज रेक्टिफायर त्या लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवतो, त्यामुळे सेकंदाला 100 धक्के तयार होतात. ते सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरचं. कॅपॅसिटर ते करत नसेल तर 100 चा सूर थेट स्पीकरवर येतो. स्पीकरचा यात काडीचा संबंध नाही.

खात्रीसाठी जीची खुंटी हळूहळू चढवत नेली. लाट मंदावत गेली आणि ट्यूनरचा काटा जीच्या वर साधारण 35 सेंटवर (अर्ध्या स्वराचे 100 सेंट) आला तेव्हा पूर्ण थांबली. 98 ते 100 हे अंतर बरोबर तेवढंच आहे. पुढे एका जत्रेत जनरेटरवर वाजवलं तेव्हा पक्कंच झालं. डिझेल जनरेटर 1500 फेऱ्यांवर 50 हर्ट्झ देतो, पण लोड कमी असला की थोडा जास्त वेगानं पळतो. 52 वर गेला की हमिंग 104 होतं, म्हणजे जवळजवळ जी शार्प. त्या रात्री हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) लाईनवरची संथ लाट गायब होती आणि ओपन जीवर नुसती कर्कश थरथर होती. लाईट आली, जनरेटर बंद झाला, आणि पुन्हा सेकंदाला दोन.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. फोनच्या छोट्या माईकला 100 नीट पकडता येत नाही, पण त्याच्या दुप्पट, 200 चा पडसाद येतो. ओपन जीचा दुप्पट 196. फरक चार, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये लाट दुप्पट वेगानं ऐकू येते. क्लिपबरोबर लिहिलं: हेडफोन लावूनच ऐका, फोनच्या स्पीकरवर काही कळणार नाही. आणि सेंटरच्या टेक्निशियनशी बोलायला मिळेपर्यंत फोन सोडला नाही. आमचं बोलणं हिंदीत सुरू झालं, तो धारवाडकडचा निघाला, मग कन्नडवर आलो. मी म्हटलं, "स्वल्प केळ्री (जरा ऐका) सर, जी तार ऐका, सेकंद मोजा." तो गप्प राहिला, क्लिप पुन्हा लावली, आणि म्हणाला की आम्ही साधी गिटार लावून तपासतो, तिच्यावर हे कुणी ऐकलंच नव्हतं.

अँप पुन्हा गेला, या वेळी भाडं त्यांचं. एका फिल्टर कॅपॅसिटरच्या पायाला ड्राय सोल्डर निघालं. टेंपोत आडवातिडवा हादरत जाणारा कॉम्बो, आतले मोठे कॅपॅसिटर बोर्डवर फक्त दोन पायांवर उभे, टाका सुटणारच. त्यांनी कॅपॅसिटर बदलला आणि दोन्हींना बुडाशी सिलिकॉन लावून घट्ट केलं. परत आल्यावर सगळी बटणं शून्यावर ठेवून जाळीला कान लावला. काही नाही. ओपन जी वाजवली, सूर सरळ, हळूहळू विरणारा. त्या टेक्निशियनला मी फोन करून मनापासून धन्यवाद दिले. एवढं कान देऊन ऐकणारा माणूस सर्व्हिसमध्ये भेटणं मोठी गोष्ट आहे.

दोन सूचना कळकळीनं. पहिली, जॉब शीटवर "हमिंग चेक केलं" एवढंच लिहू देऊ नका, काय बदललं ते नावासकट लिहून घ्या. दुसरी, अँप स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्या कॅपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो.

आणि अर्थिंग. अँप दुरुस्त झाल्यावर मांडवातलं हमिंग स्वतंत्रपणे ऐकू यायला लागलं, आणि ते अर्थिंगचं होतं. मांडवातल्या बोर्डाला तीन भोकं असतात म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. एका गावात लाईटवाला पोरगा मला म्हणाला, "अण्णा, मधली पिन बसंना, काढून टाकू काय?" मी त्याला हात लावू दिला नाही. ती अर्थिंगची पिन काढली की हमिंग कधी कधी खरंच कमी होतं, म्हणून लोकांना ते औषध वाटतं. पण मग अँपमध्ये काही बिघडलं तर करंट तारांवरून तुमच्या हातात, आणि तुमचा ओठ माईकला लागला की अंगातून पार. आमच्या गायिकेला माईकवर झिणझिण्या येतात ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही, कार्यक्रम थांबवतो. ग्राऊंड लूपवर उपाय डीआय बॉक्सवरचं ग्राऊंड लिफ्टचं बटण. ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची ग्राऊंड तोडतं, लाईटची अर्थिंग जशीच्या तशी राहते. मी आता सॉकेट टेस्टर खिशात ठेवतो, तो तारांच्या एका पाकिटापेक्षा खूपच स्वस्त आहे. मंडळवाल्यांना आधी राग यायचा, आता काही ठिकाणी तेच विचारतात, "तपासलंत काय?"

बाकीचं थोडक्यात. अँपचं हँडल एकच आणि वर, त्यामुळे जिना चढताना गुडघ्याला लागतं. मिड्सचं बटण उपयोगी, ट्रेबल फ्लॅट तारांवर मी जवळजवळ बंदच ठेवतो. पोकळ फळ्यांच्या स्टेजवर अँप थेट ठेवला की फळ्याच गुणगुणायला लागतात, तेव्हा रिकाम्या क्रेटवर ठेवा आणि भिंतीपासून पुढे ओढा, निम्मी घुमघुम तिथेच जाते. पावसाळ्यात मागच्या कापडी आवरणाला बुरशीचा वास आला. आता कव्हर घालून बंद खोलीत ठेवत नाही, उघडाच ठेवतो.

तारांची सध्याची स्थिती: अजून पहिलाच सेट चालू आहे. डी तारेच्या टोकाचा रेशमी वेढा खुंटीपाशी उसवायला लागलाय, पण तो वाजणाऱ्या भागाच्या बाहेर आहे. ई आणि ए चढवल्या दिवसासारख्याच. जीचं इंटोनेशन मात्र किंचित सरकलंय, बाराव्या फ्रेटवर चढा येतो, सॅडल मागे घेऊनही पूर्ण बसत नाही. यंदाच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आधी फक्त जी बदलायचा विचार होता, पण सुटी फ्लॅट जी इथे कुणाकडे मिळाली नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या एका मित्राला सांगून ठेवलंय, तिथल्या बँडवाल्यांच्या दुकानात मिळेल असं म्हणतात. मिळाली तर दुकान आणि किंमत इथेच खाली लिहीन.