प्रशिक्षक की स्वतंत्र कार्यालय?
खेळाडूवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाल्यास प्रकरण प्रशिक्षकाने हाताळावे की विद्यापीठाच्या टायटल नाइन कार्यालयाने (शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली तक्रारी पाहणारे कार्यालय), असा पेच अमेरिकेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला पडला आहे. वेगात प्रशिक्षक सरस. तो खेळाडूला त्याच दिवशी संघाबाहेर बसवू शकतो. निःपक्षपातीपणात मात्र तो लंगडा पडतो, कारण ज्याच्या खेळावर स्वतःची नोकरी टिकते, त्याच्याच विरुद्ध त्याने पाऊल उचलायचे असते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल विभागाने काही तक्रारी विभागाबाहेर कळवल्याच नाहीत, असे चौकशीत आढळल्यावर २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना हटवले गेले. तरीही २०२१ मध्ये एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेच्या समितीने त्या न कळवण्यात आपल्या नियमांचा भंग धरला नाही. कार्यालयाची चौकशी रेंगाळते, पण तिथे दोन्ही बाजू नोंदवल्या जातात. तातडीच्या निलंबनासाठी प्रशिक्षक, सत्यशोधनासाठी कार्यालय. आणि तक्रार कळवण्याचे कलम प्रशिक्षकाच्या करारातच असावे.