झपाटलेल्या जहाजाची मॅट: सगळं दिलंय, डेकची उंची सोडून

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रंगवत फाशांनी खेळायच्या खेळासाठी मी झपाटलेल्या जहाजाचं चित्र छापलेली टेबल-मॅट घेतली, आणि सोबतच्या पुस्तिकेत डेकची उंची नाही अशी विक्रेत्याकडे तक्रार केली. तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, असा मेल मला परवा आला. नेमकं काय निकाली निघालं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून हा लांबलचक अनुभव.

मॅटचं माप, दोन्ही बाजूंचं प्रिंट, पुठ्ठ्याचे टोकन, बारा पानी पुस्तिका हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच, ते परत सांगत बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर साडेतीन हजार मोजून घेतली, आता दिवाळी होऊन गेली. मधल्या काळात आमच्या ठाण्याच्या ग्रुपने आणि माझ्या पुतणीच्या कॉलेजातल्या टोळीने तिच्यावर मनसोक्त खेळून घेतलंय. दोन्हीकडे डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मीच. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम 2014 चे. 2024 ची नवी पुस्तकं घ्यायला माझा खिसा तयार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

आधी चांगलं सांगतो. मॅटचं रेक्झिन जाड आहे, कडा उसवत नाहीत, टेबलावर सरकत नाही. घरं बरोबर एक इंचाची आहेत, मी पट्टी लावून पाहिलंय. मिनीचा, म्हणजे पात्राच्या छोट्या बाहुलीचा, 25 मिलिमीटरचा बेस घरात नीट बसतो. हे विशेष सांगतोय, कारण स्वस्तात छापून मिळणाऱ्या मॅटवर घर हमखास आखूड निघतं आणि मग चार जण एकमेकांच्या खांद्यावर उभे. जहाज चोवीस घरं लांब आणि आठ घरं रुंद आहे, म्हणजे घराला पाच फूट धरून 120 फूट बाय 40 फूट. खरी मेरी सेलेस्ट, समुद्रात माणसांविना सापडलेलं ते गाजलेलं जहाज, साधारण 103 फूट लांब आणि 25 फूट रुंद होती. आपलं जहाज त्यामानाने बरंच पोट सुटलेलं आहे, पण लढाईला जागा लागते, म्हणून माफ.

आता मुद्द्याचं. या जहाजाचा डेक पाण्यापासून किती उंच आहे, हे बारा पानांत कुठेही लिहिलेलं नाही.

हसू नका. पुस्तिकेत कॅप्टनच्या पूर्वायुष्याला चार पानं आहेत. त्याच्या सासऱ्याशी झालेलं भांडण आहे. केबिनमधल्या पडद्यांचा रंग आहे. आणि ज्या जहाजावर चढायचं कसं यावर पहिला अख्खा सेशन जातो, त्याची पाण्यावरची उंची नाही! खेळात प्रत्येकाला एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, वेगाइतकेच फूट हलता येतं, आणि चढताना दर फुटाला एक फूट जादा खर्च होतो. 30 वेग असलेला माणूस एका टर्नमध्ये 15 फूट चढतो. डेक 15 फुटांवर असेल तर तो वर पोचला. 20 फुटांवर असेल तर एकतर त्या पाळीतली ॲक्शन (कृती) खर्चून डॅश, म्हणजे जादा धाव, मारायचा, नाहीतर दोराला लटकत पुढच्या टर्नची वाट बघायची. आमच्या हाफलिंग (बुटक्या जमातीच्या) चोराचा वेग 25, म्हणजे तो साडेबारा फुटांवर लोंबकळणार हे नक्कीच. फळ्यांतून आरपार येणारं भूत समोर असताना दोराला लोंबकळणं आणि डेकवर तलवार उपसून उभं असणं, यात जो फरक आहे तो त्या एका आकड्यात आहे.

हा आकडा माझ्याकडून निघेपर्यंत आमच्या टेबलावर काय काय झालं ते ऐका. मॅट उलगडली, जहाज 300 फुटांवर धुक्यात उभं आहे असं सांगितलं, आणि चहा येईपर्यंत चार बेत तयार झाले.

विझर्डचा (जादूगाराचा) बेत: लांबूनच पेटवून द्या. जळते बाण मारू. मी आकडे सांगितले. शिडाच्या जहाजाचा एसी (नेम लागायला फाशावर लागणारा आकडा) 15, एचपी (किती मार सोसतं ते) 300, आणि डॅमेज थ्रेशोल्ड 15. एका फटक्यात पंधराच्या खाली जे काही लागेल ते शून्य. लाँगबोच्या बाणाने जास्तीत जास्त आठ आणि वर डेक्स्टॅरिटीचे (चपळाईचे) चारपाच, म्हणजे साध्या नेमाने जहाजाला ओरखडा नाही. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र लागू पडतो, आठ डी सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. पण चोराने लगेच हात जोडले. "अरे, आत माल असेल ना! जाळतोस काय?" त्याचं गणित सरळ होतं, टाकून दिलेलं जहाज बंदरात ओढून आणलं की बक्षीस मिळतं. मिळतं खरं. मेरी सेलेस्ट आणणाऱ्यांना जिब्राल्टरच्या कोर्टाने जहाज आणि मालाच्या किमतीच्या साधारण एक पंचमांश रक्कम दिली होती, तीही संशयाने बघत, कुरकुरत. चोर म्हणाला, एक पंचमांश तर एक पंचमांश.

क्लेरिकचा (पुजाऱ्याचा) बेत: विझर्डने वॉटर ब्रीदिंग, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचा मंत्र, रिच्युअलने (सावकाश विधी करून) टाकायचं, स्पेल स्लॉटही (मंत्रांचा मोजका साठाही) जात नाही, चोवीस तास टिकतं, सगळे पाण्याखालून जाऊ. इथे एक गंमत निघाली जी मला स्वतःला ठाऊक नव्हती. वल्ह्याची होडी नियमानुसार ताशी दीड मैल जाते. सहा सेकंदांच्या राउंडला ते सुमारे 13 फूट होतात. आणि 30 वेगाचा माणूस पोहत राउंडला 15 फूट जातो. म्हणजे होडीपेक्षा पोहणारा पुढे! 300 फूट पार करायला होडीला बावीस-तेवीस राउंड लागतात, दोन मिनिटांहून जास्त, आणि तेवढा वेळ सगळे उघड्यावर. होडी विकत घ्यायला घालवलेल्या 50 सोन्याच्या नाण्यांवरून चोराने पुढचा अर्धा तास मला छळलं.

पॅलाडिन (धर्मयोद्धा) आपला शांतपणे म्हणाला, मी डिव्हाइन सेन्स लावतो, भूत आहे की नाही ते कळेल. पल्ला 60 फूट, आणि मध्ये भक्कम आडोसा असेल तर काही कळत नाही. होडीतून बघितलं तर मध्ये जहाजाची अख्खी बाजू. शिवाय भूत ईथरियलमध्ये, म्हणजे या जगाला लागून असलेल्या अदृश्य जगात, असेल तर पॅलाडिनला त्याचा वासही येत नाही. विझर्डचं मंत्राने आणलेलं घुबड पाठवलं, ते 100 फुटांपर्यंत विझर्डच्या संपर्कात राहतं. घुबडाने डेक रिकामा असल्याचं दाखवलं आणि त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. 60 फुटांच्या आत भुताचं भयंकर रूप दिसलं आणि सेव्ह (बचावाचा फासा) पाच किंवा जास्तने हुकला तर दहा ते चाळीस वर्षांनी म्हातारे व्हायचं असतं. आमची शेकडो वर्षं जगणारी एल्फ म्हणाली, मला काय फरक पडतो. तिला सगळ्यांनी पुढे बसवलं.

यात खरा माणूस निघाला आमचा बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणारा. मूळचा वर्सोव्याचा, घरात अजून मासेमारीची होडी आहे. एरवी फासे टाकण्यापुरता बोलतो. तो उठून मॅटच्या भोवती फिरला आणि विचारलं, वारा कुठून आहे? मी म्हटलं, ठरवलेलं नाही. "मग आधी ठरव. सुकाणूवर माणूस नसलेलं जहाज वाऱ्याने वाहत जातं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने गेलास तर पाणी शांत मिळतं, चढायला बरं, पण जहाज तुझ्या अंगावर येत असतं. वाऱ्याच्या बाजूने गेलास तर लाट तुला उचलून फळ्यांवर आपटणार." मग त्याने जुहूचं पवित काढलं. 31 जुलै 2011 ला किनाऱ्याला लागलेलं ते रिकामं जहाज. ओमानजवळ खलाशांना उतरवून घेतल्यावर महिनाभर एकटंच तरंगत मुंबईपर्यंत आलं आणि वाटेत कुणाला पत्ता लागला नाही. तो तेव्हा शाळेत होता, बघायला गेला होता. "खालून बघताना कळतं रे. भिंत असते ती. दोर कुठे टाकणार?"

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. किती उंच आहे?

या प्रश्नावर विक्रेत्याच्या सपोर्टशी माझा जो पत्रव्यवहार झाला तो थोडक्यात असा. पहिला मेल: अभिप्रायाबद्दल आभार, सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. दुसरा: उंची डीएमच्या मर्जीवर सोडलेली आहे. मी लिहिलं, मग पडद्यांचा रंगही मर्जीवर सोडायचा होता, चार पानं वाचली असती. तिसरा: अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. उंचीच्या तक्रारीला अनबॉक्सिंगचा व्हिडिओ! खोका उघडताना त्यातून उंची पडली असं दिसायला हवं होतं बहुतेक. चौथ्यात कुणीतरी माणसासारखं लिहिलं की संबंधित टीमला कळवलंय. त्यानंतर दोन महिने शांतता.

इथपर्यंतचं मी सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे द्यायचे ठरवले होते. पुढचं नंतरचं आहे, आणि तारे बदललेत.

शेजारच्यांच्या बाथरूमचं काम निघालं. जिन्यात विटा रचलेल्या. मी सहा मागून आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, तीन-तीनच्या दोन रांगा टेबलावर लावल्या आणि त्यांच्यावर मॅट टाकली. रांगा चार-चार इंच रुंद, दोन मिळून आठ, म्हणजे जहाजाइतक्याच. बाजूचं छापील पाणी आपोआप दोन्हीकडून खाली उतरलं. वीट तीन इंच जाड, एक इंचाला पाच फूट धरले की 15 फूट. झाला डेक! खाली टेबलावर निळी चादर, चादरीवर होडीचा टोकन. खेळणाऱ्यांनी पहिल्यांदाच खुर्चीतून वाकून जहाजाकडे खालून वर बघितलं.

फरक लगेच दिसला. पुतणीच्या टोळीने सपाट मॅटवर जे जहाज दहा मिनिटांत गाठलं असतं, त्याच्याभोवती आधी फेरी मारून दुसऱ्या बाजूने जायचं ठरवलं. त्यांच्यातल्या एकीने आपल्या मिनीला खरोखर दोऱ्याने वर ओढलं. मेरी सेलेस्टवरही असंच होडीतून जाऊन चढावं लागलं होतं. डिसेंबर 1872 मध्ये अझोर्स आणि पोर्तुगालच्या मधल्या समुद्रात दुसऱ्या जहाजाचे तिघे होडीतून गेले, दोघे वर चढले आणि एक होडी सांभाळत खालीच थांबला. वर जहाजाची होडी गायब, तळात साडेतीन फूट पाणी, माणूस नाही. हे मी सांगितल्यावर होडीत कोण थांबणार यावर जी जुंपली ती बघण्यासारखी होती, कारण होडीत थांबणारा संध्याकाळभर समोसे खात बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी फासे टाकून ठरवलं. आणि पुढे भुताने पहिला ताबा घेतला तो होडीतल्याचाच. ते मी पुस्तिकेतून घेतलेलं नाही, पुस्तिकेत भूत केबिनमध्ये बसून सासऱ्याला शिव्या देतं.

तेव्हा मॅट म्हणून ही वस्तू चांगली आहे हे मान्य. सपाट टेबलावर अर्धीच चांगली आहे. घेणाऱ्याने विटांची सोय बघावी.

लाल मार्करबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. सोबत चार वेट-इरेज मार्कर येतात. काळा, निळा आणि हिरवा ओल्या फडक्याने साफ जातात. लाल जात नाही. मुख्य डोलकाठीच्या शेजारी, तळाकडे उतरायच्या झडपेपाशी मी एक गोल काढला होता, तो तिथेच आहे. सॅनिटायझरने घासला तर तो फिका झाला, पण शेजारच्या फळीचं प्रिंटही फिकं झालं. आता प्रत्येक नवा ग्रुप आधी त्या गोलाची तपासणी करतो, क्लेरिक तिथे हात ठेवतो, चोर सापळा शोधतो. मी काही बोलत नाही. एका ग्रुपने तर झडप सोडून दिली आणि केबिनचं छत फोडून आत गेले.

तर परवाचा तो मेल. तक्रार निकाली, सोबत सुधारित पुस्तिकेची पीडीएफ. उघडली. पान तीनवर एक ओळ घातलीय: डेकची उंची पाण्यापासून 20 फूट. कॅप्टनची चार पानं जशीच्या तशी. इतके महिने दोन टोळ्या 15 फुटांवर चढताहेत, आमच्या चोराने तेवढ्यासाठी स्लिपर्स ऑफ स्पायडर क्लाइंबिंग, म्हणजे कोळ्यासारखं चढवणारे जादूचे जोडे, मिळवायला दोन सेशन घालवलेत, आणि आता हे म्हणतात 20. मी ती पीडीएफ छापलेली नाही. पानाला पाच रुपये पडतात.

तारे तीन. त्यातला एक शेजाऱ्यांच्या विटांचा आहे, विक्रेत्याने स्वतःचा धरू नये. साडेतीन हजारांना घेऊ नका, सेलमध्ये दोन हजारांच्या आसपास येते तेव्हा घ्या. खोका उघडताना व्हिडिओ काढा, कशासाठी ते विचारू नका. आणि लाल मार्कर पाकिटातून आधी बाहेर काढून ठेवा, घरात सातवी-आठवीतलं कुणी असेल तर त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी.