माळरान तपासणीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण: जरूर घ्या, पण गावातला एक जाणता माणूस सोबत न्या

गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेत गायरानावर झाडं लावायचा विषय आला. गायरान ३८ हेक्टर, बारामती तालुक्याच्या जिरायती भागातलं. सगळीकडे सलग समतल चर (उताराला आडवे लांब खड्डे) खणायचे आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावायची असा बेत होता. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "तिथं आहेच काय, नुसतं गवत!" मी धनगराच्या घरातली, आमची मेंढरं त्याच माळावर वाढली. ते वाक्य मला लागलं. पण "माळ चांगला आहे हो" यापुढे मला काही बोलता येईना. शाळेत विज्ञान शिकवते, तरी माझ्याकडे एक आकडा नव्हता. म्हणून हे प्रशिक्षण शोधलं.

फी २,५०० रुपये, दोन्ही दिवसांचं जेवण धरून. आम्ही चौदा जण होतो. पहिला दिवस आयोजकांनी निवडलेल्या माळावर, दुसरा दिवस आलेल्यांपैकी कुणाच्या तरी गावात. आमचं गायरान जवळ पडत होतं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे आमच्याकडे आले. हे मला फार आवडलं. परक्या जमिनीवर शिकलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं.

प्रत्येकी एक पिशवी देतात. त्यात एक मीटरची काठी, टेप, होकायंत्र, अठरा कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा, छोट्या गोल जाळ्या आणि एक पुस्तिका. काठी आणि पुस्तिका आपल्याला ठेवायला मिळते, बाकीचं परत द्यायचं.

काठीवर १०, ३०, ५०, ७० आणि ९० सेंटिमीटरवर खुणा आहेत. मधे एक दगड रोवायचा, तिथून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं चारी दिशांना चालायचं. दर पाच मीटरला, पंचवीस मीटरपर्यंत, काठी जमिनीवर टेकवायची आणि प्रत्येक खुणेखाली काय आहे ते लिहायचं: बारमाही गवत, हंगामी गवत, झुडूप, काडीकचरा, दगड, उघडी माती. चार दिशा, दिशेला पाच जागा, जागेला पाच खुणा, मिळून शंभर. जेवढा आकडा तेवढे टक्के, गणित करायलाच नको. ही पद्धत पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांसाठी २०१० साली निघालेल्या मार्गदर्शिकेत आहे, आणि ती मेंढपाळांसाठी बेतलेली आहे हे हातात घेतल्यावर कळतं. माझ्या आठवीच्या मुलींनी नंतर ती एका तासात शिकून घेतली. एका जागेला दोघींना साधारण पाऊण तास लागतो.

एक गोष्ट मात्र शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच काठीला बजावली, ती फार मोलाची: दगड म्हणजे उघडी माती नव्हे. आपल्या दख्खनच्या माळावर मुरूम आणि काळा दगड वर असतोच. दगडावरून माती वाहून जात नाही, उलट त्याच्या आडोशाला ती अडते. दोन्ही एकत्र मोजलं तर धडधाकट माळही ओसाड ठरतो.

आता त्या अठरा कप्प्यांच्या डब्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानं. हरभऱ्याएवढी मातीची ढेकळं उचलायची, ती कोरडीच हवीत. एकेक जाळीवर ठेवून शुद्ध पाण्यात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पाच सेकंदांत निम्मं विरघळलं तर गुण १. पाच मिनिटं टिकलं तर जाळी पाच वेळा वर काढून परत बुडवायची, आणि तीन चतुर्थांशाहून जास्त ढेकूळ शाबूत राहिलं तर गुण ६. मी एक ढेकूळ शेडा गवताच्या ठोंबाखालून काढलं आणि एक तिथून दोन हातांवरच्या पायवाटेवरून. दिसायला दोन्ही सारखीच, तांबूस, बोटानं दाबली तर दोन्ही कडक. पायवाटेचं पाण्यात पडलं आणि मी तीन म्हणेपर्यंत त्याचा चहाच्या गाळासारखा थर झाला. शेड्याखालचं तसंच बसून राहिलं. बाजूनं दोन बुडबुडे आले, एक केसाएवढं मूळ बाहेर डोकावलं, आणि पाचव्यांदा वर काढलं तरी ते ढेकूळच होतं. मुळं, बुरशीचे धागे, कुजलेली लेंडी आणि पालापाचोळा मातीला किती घट्ट धरून ठेवतात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

पुस्तिकेत १७ खुणांची यादी आहे. ती अमेरिकेत सरकारी चराऊ जमिनी तपासताना वापरतात तीच. त्या खुणांवरून तीन गोष्टी ठरवायच्या: माती जागेवर आहे का, पाणी मुरतंय का, आणि वनस्पतींची घडी नीट आहे का. ओघळी, पाण्याच्या वाटा, वाहत येऊन अडकलेला काडीकचरा, तुडवून घट्ट झालेला थर, बाहेरून घुसलेली झाडं असं एकेक पाहत जायचं. यातली एक खूण म्हणजे गवताचे ठोंब ओट्यावर बसल्यासारखे उंच दिसणं. ताई ती समजावून सांगत होत्या, तेवढ्यात मागे उभे असलेले आमचे आण्णा (वय ७४, उत्सुकतेनं सोबत आले होते) खाली बसले, ठोंबाची उघडी पडलेली मुळं बोटानं चाचपली आणि म्हणाले, "ह्ये गवात वर न्हाई आलं ताई, माती खाली गेलीया." ताईंनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचा तासभर खरा वर्ग आण्णांनीच घेतला. मारवेल गवत कुठल्या बांधाला उरलंय, पवन्या गवत कधीपासून दिसेनासं झालं, आणि टोकदार कुसळांची कुसळी वाढली की मेंढराच्या लोकरीचं आणि कातडीचं काय होतं. कुसळीचं ओलं कुसळ पीळ सोडत मातीत कसं शिरतं ते त्यांनी थुंकी लावून तळहातावर फिरवून दाखवलं.

आता उणीव. या सगळ्या पद्धतीचा कणा म्हणजे तुलना. प्रत्येक खूण "या मातीला, या पावसाला जे असायला हवं" त्याच्यापासून किती ढळली हे पाच पायऱ्यांत लिहायचं असतं. पण असायला हवं ते काय? त्याचं पत्रक आम्हाला चक्क कोरं दिलं, "आपापल्या भागानुसार भरा" असं सांगून. पुस्तिका इंग्रजीत, आणि फोटो अमेरिकेतल्या झुडपी माळांचे. ताई मराठीत उत्तम समजावतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. पण दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ सालीच भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडून ठेवलेत. आपलं पठार त्यातल्या सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतं, म्हणजे शेडा, पवन्या आणि मारवेल. चराई फार झाली की ही गोड बारमाही गवतं आधी हटतात आणि कुसळीसारखी गवतं जागा घेतात. एवढं एका पानावर मराठीत छापून दिलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. २,५०० रुपये घेणाऱ्यांनी ते द्यायलाच हवं, आणि मी अभिप्रायाच्या कागदावर तसं लिहूनही आले.

आमचं कोरं पत्रक बिरोबानं भरलं. देवळामागचा दोनेक एकराचा तुकडा देवाचा म्हणून कुणी चारत नाही, दसऱ्यानंतर गवत पिकलं, बी झडलं की मगच कापतात. तुलनेला तोच धरला आणि तिथे काठी टाकली: उघडी माती ९, दगड १९, बारमाही गवत ५२. मग गायरानाच्या वरच्या अंगाला: उघडी माती १६, दगड २१, बारमाही गवत ४१. आणि खाली पाझर तलावाकडे, जिथे सगळ्यांची जनावरं पाण्याला उतरतात: उघडी माती ४३, बारमाही गवत जेमतेम ६, बाकी टाकळा, तरवड आणि गाजर गवत. म्हणजे माझं "माळ चांगला आहे" हेही पूर्ण खरं नव्हतं. वरचा चांगला आहे. खालचा खरोखर आजारी आहे, तिथे पाणी अडवायला हवं, गवताचं बी टाकायला हवं आणि दोन पावसाळे जनावरं दुसऱ्या वाटेनं न्यायला हवीत.

जायचं असेल तर सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबरची तुकडी धरा. गवत फुलोऱ्यात असतं, ओळखू येतं. उन्हाळ्याच्या तुकडीला जाऊ नका, हंगामी गवत तेव्हा उडून गेलेलं असतं आणि बरा माळही उघडाबोडका दिसतो. पहिल्या दिवशी त्यांनी दहा वाजता सुरुवात केली, त्यामुळे भर उन्हात वाकून काठी टाकावी लागली. सातला सुरू करा असा आग्रह धरा. पायात बूट हवेत, कुसळं चपलेतून सोडत नाहीत. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मातीची ढेकळं घरी वर्तमानपत्रावर सुकवून मग डब्यात टाका, ओली ढेकळं चुकीचे गुण देतात. आणि आण्णांसारखं कुणी असेल तर त्यांची वेगळी फी घेत नाहीत, मी विचारून घेतलं होतं.

तिन्ही जागांचे आकडे मी ग्रामसभेत वाचले. मातीची तशीच दोन ढेकळं आणि काचेचे दोन ग्लास नेले होते, ते सरपंचांच्या टेबलावर ठेवले. वरच्या अंगाचे चर तूर्त थांबलेत. मधल्या तिन्ही दगडांना आण्णांनी चुना लावून ठेवलाय, येत्या ऑक्टोबरात काठी तिथूनच फिरवायची आहे.