रंगीत हस्ताक्षराच्या फॉन्टसाठी पैसे भरण्याआधी हे वाचा

वाचनखुणा, शुभेच्छापत्रं, वह्यांवर चिकटवायची नावं असं सगळं मी घरूनच बनवून विकते. अक्षरांवर माझा जीव आहे, त्यामुळे सुंदर हस्ताक्षराचा फॉन्ट दिसला की हात आवरत नाही. नेमकी तिथेच मी फसले. पैसे गेले, ऑर्डर अंगाशी आली, आणि दुसऱ्या कुणाची तरी मेहनत मी न विचारता वापरली. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लागलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मुलांच्या एका वाचन शिबिरासाठी ६० वाचनखुणा आणि दारावर लावायचा एक फलक करून द्यायचा होता. प्रत्येक खुणेवर मुलाचं नाव आणि फलकावर ‘मनमोकळं वाचन’. त्याच दिवसांत ती जाहिरात समोर आली : २५० रंगीत हस्ताक्षर फॉन्टचा संच, मराठी चालतं, व्यवसायासाठी वापरायला परवानगी. नमुन्याच्या चित्रात जलरंगात लिहिलेलं ‘मनमोकळं’ होतं. मला हवा होता तोच शब्द! खाली सवलत संपायला १४ मिनिटं उरल्याचं घड्याळ पळत होतं. मी पैसे भरले. (नंतर तेच पान दुसऱ्या फोनवर उघडलं, तर घड्याळ पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू झालं.)

ते चित्र मी आता कितीतरी वेळा मोठं करून पाहिलं आहे. ‘मनमोकळं’मध्ये ‘म’ दोनदा येतो. पहिल्या ‘म’च्या गाठीतून गुलाबी रंगाचा ओघळ खाली आला होता. दुसऱ्यात निळा रंग काठाशी साचला होता आणि शिरोरेघेला किंचित बाक होता. फॉन्टमध्ये असं सहसा होत नाही. त्यात एक ‘म’ एकदाच रंगवलेला असतो आणि दर वेळी तोच उमटतो, डागासकट. मन लावून केलेल्या काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं घातलेली असतात, पण तसं असेल तर बनवणारा ते आवर्जून सांगतो. इथे तसा शब्दही नव्हता. ते चित्र कुणीतरी ब्रशने रंगवलेलं होतं, फॉन्टशी त्याचा संबंधच नव्हता.

पण हे सगळं मागाहून कळलं. फायली उतरवून घेतल्या, एक फॉन्ट निवडला, ‘मनमोकळं’ टाइप केलं आणि समोर आली साधी, सरळ, काळी अक्षरं. संगणकात आधीपासून असतात तीच. फॉन्टमध्ये देवनागरी नसली की सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उचलतं. दुसरा लावून पाहिला, तिसरा लावून पाहिला, सगळीकडे तेच. इंग्रजी अक्षरं तेवढी रंगीत दिसत होती, तीही मोजक्याच फॉन्टमध्ये.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. हे उत्तर अर्धं खरं असतं म्हणूनच माणूस गप्प बसतो. रंगीत फॉन्ट सगळीकडे चालत नाहीत. फोटोशॉपमध्ये ते २०१७च्या आवृत्तीपासून चालतात, इलस्ट्रेटरमध्ये २०१८च्या, आणि जिथे चालत नाहीत तिथे अक्षरं काळी दिसतात. पण माझं सॉफ्टवेअर त्यानंतरचं होतं, आणि फाईलमध्ये नसलेली देवनागरी नव्या सॉफ्टवेअरमध्येही उगवत नाही. हे लिहिल्यावर ‘डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही’ असं एक वाक्य आलं, आणि मग काहीच नाही.

रंगीत इंग्रजी फॉन्टचीही एक गोष्ट सांगते, कारण तिथेही पुष्कळ जण फसतात. जलरंगाचा पोत असलेल्या फॉन्टमध्ये बहुधा प्रत्येक अक्षर हे एक छोटं चित्र असतं. ते ५०० पिक्सेल उंच असेल, तर ३०० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छपाईत दीड-पावणेदोन इंचांपर्यंतच स्वच्छ येतं. वाचनखुणेला पुरतं, पण फलकावर अक्षर फाटतं, काठांना पायऱ्या दिसतात. कटिंग मशीनवर स्टिकर कापणाऱ्यांना तर कापायला बाह्यरेषा लागते, ती चित्रात नसते. प्रामाणिक विक्रेता हे आधीच लिहून ठेवतो.

आता सगळ्यात लागलेली गोष्ट. एक फाईल इन्स्टॉल करताना संगणकाने विचारलं, हा फॉन्ट आधीच आहे, बदलायचा का? मी चक्रावले. फाईलचं नाव भलतंच होतं, पण आत होता ‘कलम’, इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, जो मी कितीतरी वर्षं मोफत वापरते आहे. त्याच्या ओपन फॉन्ट लायसन्सप्रमाणे तो व्यवसायासाठी खुशाल वापरता येतो, मात्र नुसता फॉन्ट म्हणून विकायला मनाई आहे. मग मी एकेक फाईल तपासायला घेतली. विंडोजमध्ये फाईलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडलं की कॉपीराइटची ओळ दिसते. मॅकवर फॉन्ट बुकमध्ये हीच माहिती मिळते. फाईलचं नाव कुणीही बदलतं, ती आतली ओळ बदलायची तसदी या माणसाने घेतली नव्हती. एकामागून एक वेगवेगळ्या लोकांची नावं निघाली.

त्यातल्या एका इंग्रजी फॉन्टची काही शुभेच्छापत्रं मी तोवर विकलीही होती. तो बनवणाऱ्या बाईंना मी सगळं खरं लिहून पाठवलं. घरगुती वापरासाठी फॉन्ट मोफत आहे, विक्रीच्या वस्तूंसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, असं त्यांनी कळवलं. एका शब्दानेही दोष दिला नाही. मी तो परवाना त्याच दिवशी घेतला.

६० नावं शेवटी ‘कलम’च्या ठळक वळणात घेतली आणि माझ्याच हाताने रंगवलेला जलरंगाचा कागद स्कॅन करून त्या अक्षरांच्या आत भरला. दोन रात्री लागल्या, पण फलकासकट सगळं वेळेवर गेलं.

आता फॉन्ट विकत घेण्याआधी मी विक्रेत्याला जोडाक्षरांचे तीन अवघड शब्द पाठवते : ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’. फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवा म्हणते, आणि परवान्याचा मजकूर आधी मागते. फॉन्ट खरोखर ज्याचा आहे त्याला यासाठी पाच मिनिटंही लागत नाहीत. एकाने तर ‘तऱ्हा’मधला अर्धा र नीट बसत नाही हे स्वतःहून सांगितलं आणि दुरुस्त करून पाठवला. त्याचा फॉन्ट मी घेतला.

माझ्या विक्रेत्याचं पान आता बंद झालं आहे, पैसे परत आलेले नाहीत. तीच चित्रं दुसऱ्या नावाखाली पुन्हा फिरताना मी पाहिली आहेत. असा संच तुम्ही घेतला असेल, तर विकायच्या वस्तूवर त्यातलं एक अक्षरही वापरण्याआधी फाईलच्या आतलं नाव उघडून बघा. आणि कुणाचं नाव सापडलं, तर त्यांना जरूर कळवा.