आबांची पदकं, दहा लिरांची नोट आणि तुळशीबागेमागचं फ्रेमचं दुकान

तुळशीबागेच्या मागच्या बोळात, लाकडी जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. खाली पाटी नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मी दोनदा पुढे निघून गेले. फ्रेमच्या दुकानाबद्दल एवढं लांबलचक लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण ज्यांच्या घरात फौजी माणसाने आणलेल्या वस्तू ट्रंकेत पडून आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

माझे आबा माणगाव तालुक्यातले. १९३९ साली मराठा पलटणीत भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग झालं. तिसऱ्या बटालियनबरोबर १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरनच्या लढाईत होते आणि १९४४ मध्ये इटलीत. घरी येताना त्यांनी जे आणलं ते एवढंच: दहा लिरांची एक चौकोनी नोट आणि तोफगोळ्याची एक पितळी पुंगळी. चार पदकं नंतर आली.

आबा गेल्यावर थोरल्या काकांनी हे सगळं हौसेने एका ठिकाणी फ्रेम करून घेतलं होतं. त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण काम बघून आता जीव तुटतो. नोट खळ लावून सरळ प्लायवर चिकटवलेली. पदकं तारेने पिळून बसवलेली. काच थेट वस्तूंना टेकलेली. कोकणातला पाऊस, भिंतीला ओल, त्यामुळे तिसऱ्या वर्षी काचेला आतून बुरशीचे ठिपके आले. दरवर्षी दिवाळीत आम्ही बाहेरून काच पुसायचो आणि आतलं तसंच राहायचं.

या दुकानातल्या काकांनी ती फ्रेम हातात घेतली आणि आधी भाव सांगितलाच नाही. टेबलावर पांढरं धुवट कापड पसरलं, मागचे खिळे एकेक करून काढले, तारा सोडवल्या आणि भिंग लावून पदकं वाचायला लागले. मी म्हटलं, "काका, तिन्ही तारे सारखेच आहेत." ते म्हणाले, "लांबून सारखे आहेत, ताई. इथे बघा." मग भिंग माझ्या हातात दिलं.

सहा टोकांचा तारा, मध्ये राजाची मोहोर, वर मुकुट आणि मोहोरेभोवती गोल पट्टीत बारीक इंग्रजी अक्षरं. एकावर १९३९-४५ स्टार, दुसऱ्यावर आफ्रिका स्टार, तिसऱ्यावर इटली स्टार. ती अक्षरं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. आणि मग कळलं की आफ्रिकेच्या ताऱ्याला इटलीची फीत लावलेली आहे आणि इटलीच्या ताऱ्याला आफ्रिकेची. आफ्रिकेची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन बाजूंना निळ्या छटांच्या बारीक रेघा. इटलीची लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल, म्हणजे त्यांच्या झेंड्याचेच रंग. इतकी वर्षं आमच्या ओटीवर आबांचं केरन इटलीत आणि इटली केरनमध्ये लटकत होतं आणि घरातल्या एकालाही पत्ता नव्हता.

काकांनी फिती बदलल्या, पण नव्या आणून लावल्या नाहीत. मी स्वतःहून विचारलं होतं, कारण जुन्या विटलेल्या दिसतात. ते म्हणाले, "ह्या त्यांच्या छातीवर होत्या. नवीन बाजारात मिळते." पुढे मी बोललेच नाही.

नोटेचं काम बघायला मिळालं म्हणून मी मुद्दाम दुपारभर थांबले. आधी एका कोपऱ्याला ओला कापूस टेकवून छपाईचा रंग सुटतो का ते पाहिलं. सुटला नाही. मग ओलसर टीपकागद वर ठेवला, त्यावर काच, आणि वाट बघायची. दर दहा मिनिटांनी कागद बदलायचा. जुनी खळ मऊ पडली की हाडाच्या बोथट पट्टीने कणाकणाने सोडवायची. मध्ये चहा आला तरी त्यांनी हात सोडला नाही. साडेचारच्या सुमारास नोट अख्खी सुटून आली.

तेव्हा तिची मागची बाजू दिसली. ही नोट इटलीच्या सरकारची नाही. दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीत उतरल्या तेव्हा तिथे चालवण्यासाठी अमेरिकेत छापलेलं लष्करी चलन, मालिका १९४३. मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापलेली आहेत: बोलण्याचं, धर्माचं, उपासमारीपासूनचं आणि भयापासूनचं. मी ते वाचलं आणि गप्प झाले. ज्या वर्षी ही नोट आबांच्या खिशात होती, त्या वर्षी नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. गुलाम देशाचा शिपाई दुसऱ्यांच्या मुलखात ही चार स्वातंत्र्यं चार घड्या घालून खिशात बाळगत होता. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांना कोणी वाचून दाखवलं असेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता फ्रेमला मागूनही काच आहे. नोट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बारीक बिजागऱ्यांवर टांगलेली आहे, त्यामुळे दोन्ही बाजू वाचता येतात.

पितळी पुंगळीबद्दल मात्र मला बोलणी खावी लागली, आणि ती बरोबरच होती. आजी तिला दर सणाला चिंच-मीठ लावून चकचकीत करायची, झेंडूची फुलं ठेवायला. तीच सवय मला. घासून घासून बुडावरची अक्षरं जवळजवळ गेली आहेत, साल फक्त तिरप्या उजेडात दिसतं. काकांनी ती आत-बाहेर नीट तपासली, रिकामी आहे याची खात्री केली, कोरड्या ब्रशने धूळ काढली आणि पुन्हा घासायला साफ मनाई केली. काळपट झाली तर होऊ द्यायची.

सर्वात मोलाचं काम पुढेच आहे. त्यांनी मला एक रेघांचा कागद दिला: कोणती वस्तू, कुठून आली, हे कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला. मी थोरल्या काकांना आणि आत्याला फोन केले. आत्या म्हणाली, आबांनी इटलीतल्या एका गावात केस कापून घेतले, न्हाव्याने मोड म्हणून ती नोट दिली आणि संध्याकाळी ट्रक निघाले, खर्च करायला वेळच मिळाला नाही. थोरले काका ठामपणे म्हणतात, पत्त्यात जिंकली. मला वाटलं एक खोडावं. दुकानदार म्हणाले, "दोन्ही लिहा, दोघांच्या नावानिशी." तसंच लिहिलं आणि तो कागद फ्रेमच्या मागच्या खणात आहे.

त्याच कागदावर आत्याने आणखी एक ओळ सांगितली. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले होते. ते एकटे धावून गेले, ठाणं घेतलं आणि शत्रूच्या गोळीने गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. ते आमच्याच तालुक्यातले, पळसगावचे, आणि आबांच्याच बटालियनचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. बाजाराला गेलं की आबा तिथे चप्पल काढायचे, एवढंच आत्याला आठवतं. आम्हा बाकीच्यांना कोणालाच ते माहीत नव्हतं.

आता तक्रारी. पंधरा दिवस म्हणाले आणि पाच आठवडे लागले. फोन उचलत नाहीत, मला दोनदा उगाच जावं लागलं. जिना उभा आहे, थोरल्या काकांना मी वर नेऊ शकले नाही. फ्रेमच्या पट्टीचा रंग मी सांगितला त्यापेक्षा जास्त चमकदार आला. ७,२०० रुपये झाले, वाढीव काचेसकट. मला ते जास्त वाटले नाहीत, पण साध्या फोटोची फ्रेम करायची असेल तर इथे येऊ नका, खाली बोळात पाच दुकानं आहेत.

जाणार असाल तर दुपारी चारच्या आत जा, उजेड असतो तोवरच ते नाजूक काम हातात घेतात. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात न्या. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा.